परिषदेत शिक्षक बोलतो तेव्हा...

१९२९ सालच्या उन्हाळ्यात युरोपात शिक्षणविषयक दोन मोठ्या परिषदा पाठोपाठ भरल्या. पहिली जिनिव्हा येथे २५ जुलै ते ४ ऑगस्ट या काळात झाली. दुसरी, 'न्यू एज्युकेशन फेलोशिप' या संस्थेने बोलावलेली, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे ८ ते २१ ऑगस्टपर्यंत चालली. बालशिक्षणाच्या क्षेत्रात नवे युग आणणाऱ्या मारिया माँटेसरी यांच्यासारखी माणसे एल्सिनोरला उपस्थित होती. या दोन्ही परिषदांना पुण्याजवळच्या हिंगण्याहून गेलेले एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ हजर होते. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. जिनिव्हाच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले त्याचा विषय होता, 'स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा भारतीय प्रयोग'.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये अण्णासाहेब कर्वे इंग्लंडला जाण्यासाठी निघाले होते. माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते गेले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये, दादाभाई नौरोजींनी स्थापन केलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनच्या सभेत, भारतातील स्त्रीशिक्षणावर त्यांनी भाषण केले. युरोपनंतर अमेरिका, तेथून जपान आणि १९३० च्या एप्रिलमध्ये पुन्हा मायदेश, असा हा प्रवास होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. ज्या वयात माणूस नातवंडांना गोष्टी सांगत ओसरीवर बसतो, त्या वयात हा गणिताचा निवृत्त प्राध्यापक परक्या देशांत, परक्या भाषेत, आपल्या संस्थेचे काम समजावून सांगत फिरत होता.

हा काळ लक्षात घेतला पाहिजे. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे 'मदर इंडिया' हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले होते. हिंदू समाज म्हणजे बालविवाह, विधवांचे हाल आणि अस्वच्छता, एवढेच चित्र त्या पुस्तकाने पाश्चात्य वाचकांपुढे उभे केले होते. त्याला उत्तर देणारी पुस्तके निघाली, संतप्त भाषणे झाली. अण्णासाहेबांपाशी सांगण्यासारखे होते ते वेगळ्या जातीचे. हिंदू समाजातील विधवांची दुरवस्था त्यांनी कधी झाकली नव्हती. उलट, तिच्याशी झुंजण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते. १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले. आपल्या समाजाचे दोष मान्य करून ते दूर करण्यासाठी त्याच समाजातली माणसे काय करीत आहेत, हे सांगण्याचा अधिकार अशा माणसाला होता. निंदेला यापेक्षा समर्थ उत्तर दुसरे कोणते असू शकेल?

आधी काम, मग व्यासपीठ

कर्वे वक्ते म्हणून कधीच गाजले नाहीत. स्वभावाने ते संकोची आणि मितभाषी होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हिंगण्याची वाट तुडवायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा दिनक्रम होता. तरीही त्यांच्या एका भाषणाने महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाला वळण दिले. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यापूर्वी त्यांच्या हाती आली होती. तिच्यातून सुचलेली कल्पना त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडली. भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे आणि त्यात शिक्षण मातृभाषेतून दिले जावे, अशी ती कल्पना होती.

अशा कल्पना परिषदांमधून नेहमीच मांडल्या जातात. टाळ्या होतात, ठराव होतो आणि पुढच्या वर्षी तोच ठराव शब्द बदलून पुन्हा येतो. येथे तसे झाले नाही. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले, तेही अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. सरकारची मान्यता नव्हती, पदवीला बाजारात किंमत नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याची मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे परिषदेतील एका भाषणाची पूर्तता व्हायला छत्तीस वर्षे लागली आणि ते भाषण करणारा माणूस ती पाहायला, सुदैवाने, हयात होता.

या उदाहरणातून दिसते ते असे की, परिषदेतील भाषण ऐकणाऱ्यांना बांधते की नाही हे सांगता येत नाही, पण बोलणाऱ्याला ते बांधले पाहिजे. १९१५ च्या भाषणामागे एकोणीस वर्षांचे काम होते आणि त्या भाषणापुढे सारे उर्वरित आयुष्य होते. आणखी एक गोष्ट अशी की, जिनिव्हाच्या भाषणाच्या मथळ्यात अण्णासाहेबांनी 'प्रयोग' हा शब्द योजला होता. तेरा वर्षे चाललेल्या विद्यापीठाचा संस्थापक आपल्या कामाला 'प्रयोग' म्हणतो, याचा अर्थ ते तपासले जावे, त्यातील उणिवा दिसाव्यात, याची त्याची तयारी आहे. शिक्षकाच्या बोलण्याला वजन येते ते या तयारीमुळे.

घोडनदीच्या काठावरचा प्रश्न

आता जिनिव्हा आणि एल्सिनोर सोडून शिरूर तालुक्यातील निमोण्याकडे वळू. शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. त्या नदीच्या खोऱ्यातील हे गाव. कधी काळी अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जाणारा हा पूर्व भाग धरणाच्या पाण्याने पालटला आणि ऊस उभा राहिला. तालुक्यातच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. ऊस आणि कारखानदारी यांच्याबरोबर माणसांचे येणे-जाणे आले आणि त्याचा पहिला परिणाम दिसतो तो जिल्हा परिषदेच्या शाळेत.

ऊसतोडणीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांच्या कोपींमध्ये शाळेच्या वयाची मुले असतात. दिवाळीच्या सुमारास आलेले मूल गुढीपाडव्याच्या आसपास निघून जाते. गावाकडच्या शाळेत त्याचे नाव पटावर असते आणि इकडच्या शाळेत ते पाहुणे म्हणून बसते. त्याच्यासाठी शासनाचे शिक्षण हमी पत्रक आहे आणि साखरशाळांचे प्रयोगही महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण तिसरीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, ज्याची मोठी बहीण पाचटावर धाकट्याला सांभाळत बसते आणि ज्याची आई पहाटे चारला फडात जाते, त्या मुलाला चार-पाच महिन्यांत नेमके काय शिकवायचे, कोठून सुरुवात करायची आणि परत जाताना त्याच्या हाती काय द्यायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. ते उत्तर, असलेच तर, अशा गावात पाच-सात हंगाम काढलेल्या शिक्षकापाशी किंवा शिक्षिकेपाशी आहे.

शिक्षण परिषदांचा खरा विषय हा आहे. निमोण्यासारख्या गावातील शिक्षकाला जे ठाऊक आहे, ते शेजारच्या गावातील शिक्षकापर्यंत पोहोचते का? जिल्ह्यापर्यंत जाते का? राज्याचे धोरण ठरविणाऱ्याच्या कानावर पडते का? की ते ज्ञान त्या शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबरच गावातून निघून जाते?

परिषद की सूचनांची बैठक?

महाराष्ट्रात यासाठी व्यवस्था नाही असे नाही. दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र असते आणि त्या केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरविण्याची पद्धत आहे. पूर्वी तिला गटसंमेलन म्हणत. शिक्षकांनी एकमेकांना आपले अनुभव सांगावेत, आदर्श पाठ पाहावेत, अडचणींवर चर्चा करावी, हा तिचा मूळ हेतू. जिल्ह्याला शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद नवोपक्रमांच्या स्पर्धा घेते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षातून किमान पन्नास तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

आराखडा उत्तम आहे, पण त्यात भरले काय जाते? अनेक ठिकाणी परिषदेचा बहुतांश वेळ नव्या सूचनांचे वाचन, ऑनलाइन माहिती भरण्याच्या मुदती आणि राहिलेल्या अहवालांची आठवण यांत जातो. शिक्षक वही उघडून सूचना उतरवून घेतो, स्वाक्षरी करतो आणि निघतो. त्याने काही सांगावे, अशी अपेक्षा कोणी बाळगलेली नसते, म्हणून तोही काही सांगण्याच्या तयारीने येत नाही. पुढे जिल्ह्याच्या वा राज्याच्या परिषदेत गेल्यावर व्यासपीठावर पदाधिकारी, अधिकारी आणि पाहुणे असतात. शिक्षक श्रोत्यांत असतो, तोही मागच्या रांगेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक आटोपेपर्यंत जेवणाची वेळ होते.

महाविद्यालयीन जगात दुखणे वेगळ्या प्रकारचे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन पद्धत आणली आणि परिषदेत निबंध वाचण्यालाही गुण मिळू लागले. हेतू संशोधनाला चालना देण्याचा होता. परिणाम असा झाला की, गावोगाव 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' चर्चासत्रांचे पीक आले. एका सत्रात वीस-वीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे, शेवटी प्रमाणपत्रासाठी रांग. निबंध वाचणाऱ्याला आपल्या आधीच्या आणि नंतरच्या वक्त्याने काय मांडले, हे सांगता येत नाही. आयोगाने पुढे नियम बदलले, परंतु एकदा लागलेली सवय परिपत्रकाने जात नाही. एका ठिकाणी शिक्षकाला बोलू दिले जात नाही आणि दुसऱ्या ठिकाणी ऐकणारे कोणी नसताना बोलायला लावले जाते. दोन्हीकडे नुकसान एकच, अनुभव वाया जातो.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. शिक्षकाचा अनुभव मोलाचा असला तरी तो एका वर्गाचा, एका गावाचा असतो. त्यावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाहीत आणि त्यासाठी शास्त्रशुद्ध संशोधन लागते, असे अभ्यासक म्हणतात. ते खरेच आहे. 'माझ्या वर्गात हे जमले' एवढ्यावर धोरण आखता येणार नाही. परंतु कोणता प्रश्न संशोधनाला घ्यावा, हे कोण सांगणार? ऊसतोड कामगाराच्या मुलाचे वाचन कोठे अडते, हा प्रश्न वातानुकूलित सभागृहात सुचत नाही. तो फळ्यासमोर सुचतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. ते कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. मुलींसाठी आणि वंचितांसाठी शाळा चालविण्याचा अनुभव, शेती आणि व्यापार यांची माहिती आणि खेड्यांचे निरीक्षण एवढे त्यांचे भांडवल होते. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षकांना पुरेसे वेतन द्यावे, अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सक्तीच्या मोफत शिक्षणाला देशभर कायद्याचे रूप मिळायला २००९ साल उजाडले. सव्वाशे वर्षांपूर्वी ते सांगणारा माणूस शाळेच्या जमिनीवर उभा होता, म्हणून त्याला ते दिसले.

याच पुण्यात एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी 'शालापत्रक' चालविले. मराठी शिक्षकाला मराठीत वाचायला मिळावे, यामागे ही दृष्टी होती. आज शिक्षणावरील चर्चेची भाषाच अशी झाली आहे की, अध्ययन निष्पत्ती, क्षमताधिष्ठित मूल्यमापन, पायाभूत साक्षरता अशा शब्दांच्या ओझ्याखाली साधा प्रश्न दबून जातो. मूल वाचते का? वाचलेले त्याला कळते का? नसेल तर का नाही? निमोण्याच्या शिक्षकाने हे तीन प्रश्न आपल्या मराठीत विचारले आणि त्यांची उत्तरे मुलांच्या वह्यांसह मांडली, तर ते कोणत्याही शोधनिबंधापेक्षा उणे ठरणार नाही.

एकाचा गौरव, सर्वांचा प्रश्न

डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना एका लहान गावच्या शाळेत उगवली आणि राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली. शिरूर तालुक्यातीलच वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा ग्रामस्थांच्या सहभागातून कशी उभी राहिली, हे पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येत असत. गावातल्या शाळेत सांगण्यासारखे काही नसते, हा समज अशा उदाहरणांनी खोटा ठरविला आहे.

पण जागतिक पुरस्काराने ज्याच्याकडे लक्ष जाते असा शिक्षक एखादाच. बाकीच्या हजारो शिक्षकांचे म्हणणे ऐकण्यासाठी जागतिक पुरस्काराची वाट पाहायची काय? तालुक्याचे सभागृह आणि सत्तर-ऐंशी सहकारी एवढे पुरे आहे. फक्त त्या दिवशी त्याच्यासमोर माइक आला पाहिजे.

अडचण खरी आहे

शिक्षक परिषदांना जाऊ लागले तर शाळेत शिकवायचे कोणी, असे पालक विचारतात. त्यांचे चूक नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यातला एक बाहेर गेला की उरलेल्या एकावर सगळे वर्ग येतात. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. तरीही माहिती गोळा करण्याची कामे संपत नाहीत, हे प्रत्येक गावाला दिसते. तेव्हा पालकांनी तक्रार करायची तर ती या कामांबद्दल करावी. महिन्यातील अर्धा दिवस शिक्षक शिकवण्याबद्दल बोलायला आणि ऐकायला गेला, तर तो वेळ मुलांच्याच खात्यावर जमा होतो.

त्यासाठी मात्र परिषदेचे रूप बदलावे लागेल आणि त्याला शासननिर्णयाचीही गरज नाही. केंद्रप्रमुख आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर ते पुढच्याच महिन्यात होऊ शकते. सूचना लेखी द्याव्यात आणि परिषदेचा पहिला तास शिक्षकाला द्यावा. दोघांनी बोलावे, प्रत्येकी वीस मिनिटे. बोलणाऱ्याने मुलांच्या वह्या बरोबर आणाव्यात, कारण वही खोटे बोलत नाही. काय जमले याच्याबरोबर काय फसले तेही सांगावे. फसलेला प्रयोग लपविला तर शेजारच्या शाळेत तो पुन्हा फसतो. नंतर प्रश्न विचारले जावेत. हार-तुरे नकोत, सत्कार नको. तीन महिन्यांनी त्याच शिक्षकाने पुन्हा उभे राहून पुढे काय झाले ते सांगावे. बोललेले लिहून ठेवावे, मराठीत, दोन पानांत. एका केंद्राची अशी वर्षाची वीस-बावीस टिपणे जमली, तर तालुक्यापाशी स्वतःचे शिक्षणशास्त्र असेल.

बोलण्याची भीती हाही एक अडसर आहे. चाळीस मुलांपुढे दिवसभर सहज बोलणारी शिक्षिका सहकाऱ्यांपुढे उभी राहिली की अडखळते. आपले सांगणे क्षुल्लक वाटेल, कोणी हसेल, वरिष्ठांना रुचणार नाही, अशा शंका तिला घेरतात. त्या निराधार नाहीत. ज्या व्यवस्थेत अडचण सांगणे म्हणजे तक्रार करणे समजले जाते, तेथे माणसे गप्प राहायला शिकतात. म्हणून पहिली जबाबदारी ऐकणाऱ्या वरिष्ठांची आहे. 'माझ्या वर्गातील सहा मुलांना अजून वाचता येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य दाखविणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तर त्या केंद्रात पुन्हा कोणी खरे बोलणार नाही आणि अहवालात मात्र शंभर टक्के मुले वाचू लागतील.

समाजाने काय करावे?

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढणे हे त्याचे काम. जिनिव्हा, एल्सिनोर, अमेरिका, जपान, आफ्रिका पाहून आलेला हा माणूस अखेर शाळा नसलेल्या खेड्याकडे वळला. जगाच्या व्यासपीठावर जाण्याचे प्रयोजन त्याच्या लेखी तेवढेच होते, तेथून जे मिळेल ते आपल्या गावाकडे आणणे. आज गावात शाळा आहे, इमारत आहे, पोषण आहार आहे, शिक्षकही आहे. त्या शिक्षकाला विचारणारे कोणी नाही, ही उणीव भरून काढायची आहे.

ते काम एकट्या शासनाचे नाही. गावोगावी व्याख्यानमाला चालतात, गणेशोत्सवात आणि नवरात्रात कार्यक्रम होतात, ग्रंथालये आणि सेवाभावी संस्था वक्त्यांना दूरवरून बोलावतात. त्या वक्त्यांच्या यादीत आपल्याच गावातील शाळेच्या शिक्षिकेचे नाव का नसावे? 'आमची मुले वाचायला कशी शिकली' हा विषय कोणत्याही कीर्तिवंत व्याख्यात्याच्या विषयाइतकाच श्रवणीय आहे. सामाजिक कार्यात असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील एका शाळेत जावे, तेथील शिक्षकाशी तासभर बोलावे आणि त्याचे म्हणणे चार माणसांपुढे यावे यासाठी व्यवस्था करावी. शहरातील ज्या कुटुंबांचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध तुटला आहे, त्यांनी सुटीत गावी गेल्यावर देवळाइतकीच शाळेचीही पायरी चढावी.

ऊसतोडीच्या टोळ्या येत्या हंगामातही येतील. त्यांच्याबरोबर आलेली मुले घोडनदीच्या खोऱ्यातील शाळांच्या दारात पुन्हा उभी राहतील. त्यांना काय शिकवायचे, हे जाणणारी माणसे त्या शाळांतच आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या शिक्षण परिषदेत त्यांना बोलायला सांगितले गेले, तर या वर्षी आलेले मूल परत जाताना चार ओळी वाचून दाखवील.